कोनाड्यातला दिवा आणि संगणकातली रात्र

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीच्या सात नंबरच्या लेण्यात, म्हणजे आज जिथे गिरिजात्मज गणपतीचं देऊळ आहे तिथे, मंडपाला एकही खांब नाही. सुमारे सव्वासतरा मीटर लांब, साडेपंधरा मीटर रुंद आणि जेमतेम साडेतीन मीटर उंच अशी ती पोकळी आख्ख्या कातळात कोरलेली आहे, आणि तिच्या तीन बाजूंना मिळून वीस खोल्या आहेत. दिवसा दक्षिणेकडच्या दारा-खिडक्यांतून उजेड आत येतो. पण हा विहार कोरला गेला त्या काळातली रात्र कशी असेल? मंडपाच्या मधोमध तेलाची एक पणती ठेवली असं धरू. मेणबत्तीएवढ्या ज्योतीचा उजेड एक मीटर अंतरावरच्या भिंतीवर एक लक्स पडतो, लक्स हे उजेडाचं माप. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. तिप्पट झालं की नववा हिस्सा उरतो. बाजूची भिंत मध्यापासून पावणेआठ मीटरवर आहे, म्हणजे तिथे पोचतो तो एका लक्सचा साठावा हिस्सा. पौर्णिमेचं चांदणं मोकळ्या माळावर साधारण पाव लक्स असतं. याचा अर्थ, मंडपात दिवा लावलेला असूनही त्या भिंतीवर बाहेरच्या चांदण्याच्या पंधराव्या हिश्श्याइतकाच उजेड आहे.

आता हाच मंडप संगणकावर उभा करून त्याचं रात्रीचं चित्र काढायला घेतलं, की बहुतेक वेळा जे चित्र तयार होतं ते असं असतं: मधोमध सोनेरी पणती, वीसच्या वीस खोल्यांची दारं स्पष्ट, छताचे छिन्नीचे घाव मोजता येतील असे, आणि दारातून आत आलेला निळा झोत. पाहणाऱ्याला उजेडाचं गणित येत नसतं, तरी काहीतरी चुकलंय हे त्याला क्षणात कळतं. आपण सगळ्यांनी लाइट गेल्यावर मेणबत्तीच्या उजेडात घर पाहिलेलं असतं, आणि डोळ्याला त्या अंधाराची ओळख पक्की असते. चित्र काढणाऱ्यालाही ते खटकतं. मग तो आणखी एक दिवा कोपऱ्यात लपवतो, मग छताला एक अदृश्य दिवा, मग सावल्या जरा उजळ. प्रत्येक दुरुस्तीनं चित्र जास्त स्वच्छ आणि जास्त खोटं होत जातं. या लेखाचं म्हणणं इतकंच आहे की रात्रीच्या खोलीचं चित्र फसतं ते दिवे कमी पडल्यानं फारच क्वचित. ते फसतं कारण भिंतीनं किती उजेड गिळायचा हे कुणी ठरवलेलंच नसतं. दुरुस्ती सुरू करायची ती भिंतीपासून, दिव्यापासून नाही.

हे पटण्यासाठी संगणक चित्र कसं काढतो ते थोडं समजून घ्यावं लागेल. आधी जागेचा सांगाडा उभा करायचा, प्रत्येक पृष्ठभागाला त्याचा रंग-पोत द्यायचा, दिवे ठेवायचे, कॅमेरा ठेवायचा. मग संगणक कॅमेऱ्यातून हजारो-लाखो किरण उलटे सोडतो आणि ते भिंतीवर आपटत, उसळत दिव्यापर्यंत पोचतात का ते बघतो. याला रेंडर करणं म्हणतात. एकदा दिव्यातून निघालेला उजेड भिंतीवर पडला की संपला, अशी सुरुवातीच्या काळातली सोय होती. म्हणून त्या काळच्या चित्रांत सावल्या डांबरासारख्या काळ्या दिसतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८४ साली भिंतीभिंतींमध्ये उजेडाची देवाणघेवाण कशी होते ते हिशोबात आणलं, आणि १९८६ साली जेम्स काजिया यांनी हा सगळा व्यवहार एका समीकरणात बांधला. आज ब्लेंडरसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर तोच हिशोब करतं. म्हणजे उजेडाचं खरं वागणं आता जुन्नरच्या किंवा मंचरच्या कॉलेजातल्या पोरालाही हाताशी आहे. पण समीकरण खरं असलं तरी त्यात भरलेले आकडे खरे असावे लागतात, आणि घोटाळा नेमका तिथे होतो.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे पृष्ठभाग पडलेल्या उजेडातला किती परत पाठवतो तो. चुन्याचा ताजा हात दिलेली भिंत शंभरातले सत्तर-ऐंशी हिस्से परत पाठवते. जुन्नरच्या लेण्यांचा काळा कातळ जेमतेम दहा. आता पहिल्या भिंतीवरून उसळलेला उजेड दुसऱ्या भिंतीवर पडतो, तिथून तिसऱ्या. चुन्याच्या खोलीत पहिल्या उसळीनंतर ८० उरतात, दुसरीनंतर ६४, तिसरीनंतर ५१. ही सगळी बेरीज केली तर चारी बाजूंनी, वर-खाली चुना असलेल्या बंद खोलीत एकूण उजेड थेट दिव्याच्या उजेडाच्या पाचपट होतो. कातळात पहिल्या उसळीला १०, दुसऱ्या उसळीला एक, मग काहीच नाही. एकूण बेरीज सव्वापटही नाही, १.१ पट. एकाच पणतीनं दोन खोल्या उजळल्या आणि एक दुसरीपेक्षा साडेचारपट उजळ निघाली, दिव्याला हातही न लावता. लेण्यातला अंधार गडद असतो तो दिवा लहान म्हणून तर खराच, पण कातळ उजेड परत देत नाही हे त्याचं दुसरं आणि मोठं कारण आहे.

यावरून एक नेहमीची चूक लगेच ओळखता येते. संगणकात पांढरा रंग निवडायचा म्हटलं की हात आपोआप रंगांच्या पट्टीच्या टोकाला जातो, पूर्ण पांढऱ्यावर. तिथे आकडा असतो १, म्हणजे पडलेला सगळा उजेड परत, शंभर टक्के. असा चुना जगात नाही. अशा खोलीत उजेड मरतच नाही; संगणक जितक्या उसळ्या मोजू देईल तितका तो वाढत जातो. अगदी ९५ टक्के धरले तरी बेरीज वीसपट होते, म्हणजे खऱ्या चुन्याच्या खोलीच्या चौपट. मग चित्र धुतल्यासारखं फिकट दिसतं, सावल्या नाहीशा होतात, आणि काढणारा दिवा मंद करत बसतो. दिवा मंद केला की चित्र काळं पडतं पण सावली परत येत नाही, कारण सावली दिव्यानं नव्हे, भिंतींनी पुसलेली असते. भिंतीचा आकडा पंचाहत्तर-ऐंशी टक्क्यांवर आणा, निम्मी दुखणी तिथेच थांबतात.

आंबेगावच्या बाजूला हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा होतो. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते जुनं आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी घोडेगावला. पाण्याखाली गेलेल्या घराचा रात्रीचा फोटो आता कुणालाही काढता येणार नाही. दिवसाचे काही फोटो कुठे कुठे असतील, पण कंदिलाच्या उजेडातलं माजघर कुणी टिपून ठेवणार कशाला? असं घर पुन्हा दिसायचं असेल तर ते हिशोबानंच उभं करावं लागेल, आणि हिशोब चुकला तर जे उभं राहील ते त्या घराचं नसेल. म्हणून अशा घराचा हिशोब मांडून बघू. भिंतींना पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात, थोडा जुना झालेला: सत्तर टक्के. शेणानं सारवलेली जमीन: वीस टक्के. वर कौलं आणि चुलीच्या धुरानं काळ्या पडलेल्या तुळया: दहाच्या आसपास. भिंती एकूण पृष्ठभागाच्या निम्म्या, जमीन आणि छप्पर पाव-पाव धरलं तर सरासरी येते साडेबेचाळीस टक्के, आणि उजेडाची एकूण बेरीज पावणेदोनपट. त्याच आकाराची आजच्या फ्लॅटमधली खोली घ्या: पांढऱ्या भिंती, पीओपीचं पांढरं छत, फिकट चकचकीत फरशी. तिथे बेरीज पावणेचारपट जाते. नवशिक्यांना हाताशी मिळणारे सगळे तयार नमुने अशा पांढऱ्या खोल्यांचे असतात. त्यातून दिवे आणि भिंतींचे आकडे उचलून जुन्या घरात बसवले की माजघर फ्लॅटसारखं उजळतं, आणि मग त्यात कितीही पाटा-वरवंटा मांडला, कणगी ठेवली तरी ते माजघर होत नाही.

इथे एक तांत्रिक बारकावा सांगण्यासारखा आहे, कारण तो याच हिशोबातून निघतो. संगणकाचा वेळ वाचावा म्हणून सॉफ्टवेअर उसळ्यांना मर्यादा घालतं. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर-यंत्रात चुन्यासारख्या खरबरीत पृष्ठभागावरच्या उसळ्या मुळात चारच मोजल्या जातात. आंबेगावच्या घरात चार उसळ्यांत शंभरातले अठ्ठ्याण्णव हिस्से उजेड गोळा होऊन जातो, मर्यादेची चिंता नको. पण सगळीकडून ऐंशी टक्के परत देणाऱ्या खोलीत चार उसळ्यांत जमतात सदुसष्ट हिस्से. एक तृतीयांश उजेड हिशोबाबाहेरच राहतो. म्हणजे एकच सेटिंग एका खोलीला पुरतं आणि दुसरीला पुरत नाही. उसळ्या वाढवा असा सरसकट सल्ला देणारे आणि वाढवू नका, वेळ जातो असं म्हणणारे दोघंही अर्धवट बरोबर असतात. आधी भिंत बघावी, मग ठरवावं.

भिंत ठरली की दिवा. दिव्याचा आकडा भरताना होणारी सगळ्यात ढोबळ चूक वॅटची आहे. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब विजेचे साठ वॅट खातो, पण त्यातले दोन-तीन वॅटच दिसणारा उजेड म्हणून बाहेर पडतात, बाकी उष्णता. ब्लेंडरला दिव्याचे वॅट विचारायचे असतात ते बाहेर पडलेल्या उजेडाचे. तिथे साठ लिहिलं की खोलीत वीस-तीसपट उजेड कोसळतो. मेणबत्तीएवढ्या ज्योतीचा एकूण उजेड साडेबारा लुमेन, आणि आजच्या नऊ वॅटच्या एलईडी बल्बचा आठशेच्या वर. म्हणजे एका बल्बात पासष्ट-सत्तर पणत्या मावतात. ही पटी मनात पक्की असली की चित्रात पणती आणि बल्ब शेजारी ठेवायचा मोह होत नाही. बल्बासमोर पणती उजेड देत नाही, फक्त दिसते.

आणि मग दिव्याचा आकार. संगणकातला साधा बिंदू-दिवा सुईच्या टोकाएवढाही नसतो, त्याला जाडीच नसते. त्याची सावली कात्रीनं कापल्यासारखी पडते. खरी ज्योत दोन-तीन सेंटिमीटर उंच असते, म्हणून जवळच्या वस्तूची सावली रेखीव आणि लांब जाताना विरघळत जाणारी. पणती नीट बघितली तर आणखी एक गोष्ट लक्षात येते: वात पणतीच्या चोचीशी असते, ज्योतीचा उजेड वर आणि पुढे जातो, आणि पणतीच्या काठाची व बुडाची सावली खाली तिच्याभोवती गोल पडते. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो, पण ती मुळात डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे. संगणकात हवेत एक अदृश्य गोळा तरंगत ठेवून त्याच्याखाली मातीची पणती नुसती शोभेला मांडली, आणि गोळ्याची सावली पणतीला लागू नये अशी सोय केली, तर हा अंधार नाहीसा होतो. दिवा जमिनीवर ठेवलेला वाटत नाही, चिकटवलेला वाटतो. समईचंही तसंच. तिच्या तेलाच्या वाटीची सावली खालच्या दांड्यावर पडली पाहिजे, तो पितळी दांडा वरच्या भागात काळपट आणि खाली पुन्हा जरा चमकता दिसला पाहिजे.

कंदिलाची गोष्ट वेगळी आणि जास्त चिवट आहे. काचेची हंडी नीट जाड करून बसवली, आत ज्योत ठेवली, आकडे सगळे बरोबर भरले, आणि रेंडर केलं तर खोली काळीकुट्ट आणि भिंतीवर इकडे तिकडे पांढरे ठिपके. दिवा बिघडला असं वाटतं, पण दिवा ठीक असतो. भिंतीवरच्या बिंदूवरून दिवा दिसतो का, हे तपासायला संगणक तिथून दिव्याकडे सरळ रेघ मारतो. मध्ये काच आली की रेघ अडते, कारण काचेत किरण वाकतो आणि सरळ रेघेला तो वाकलेला रस्ता सापडत नाही. मग दिव्याचा उजेड भिंतीवर पोचतो तो फक्त चुकून योग्य कोनात उसळलेल्या थोड्या किरणांनी. तेच ते ठिपके. उपाय सोपा आहे: सावली मोजताना काच पारदर्शक समजावी आणि डोळ्याला दिसताना मात्र काचच राहावी, अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. हा उपाय भौतिकशास्त्राशी किंचित तडजोड आहे हे मान्य करायला हवं. पातळ हंडीतून जाणारा उजेड तसाही फारसा वाकत नाही, त्यामुळे इथली तडजोड डोळ्याला खुपत नाही. खऱ्या कंदिलाच्या काचेवर वरच्या बाजूला काजळीचा धूसर पट्टा असतो, तो मात्र घालायला विसरू नये. तो उजेड अडवतो आणि तुळयांपर्यंत जाणारा हिस्सा कमी करतो.

ठिपक्यांचा विषय निघालाच आहे तर त्याचंही सांगून टाकावं. लहान दिवा, मोठा अंधार, अशा खोलीत फार थोडे किरण दिव्यापर्यंत पोचतात आणि चित्र वाळू शिंपडल्यासारखं दिसतं. बरेचजण दोन गोष्टी करतात: चमकणाऱ्या ठिपक्यांची उंची छाटणारी मर्यादा खूप खाली आणतात, आणि वर डाग पुसणारं सॉफ्टवेअर फिरवतात. पहिल्यानं खोलीतला उसळलेला उजेडच छाटला जातो आणि कोपरे विनाकारण काळे होतात. दुसऱ्यानं चुन्यावरचे हाताचे फटकारे, सारवणातल्या बोटांच्या कमानी पुसल्या जाऊन भिंत मेणाची होते. संगणकाला रात्रभर चालू दे, जास्त किरण सोड, हा कंटाळवाणा सल्ला इथे खरा आहे.

आता चांदणं. रात्र दाखवायची म्हणजे निळा रंग, हे सिनेमानं आपल्या डोळ्यांत इतकं भरवलंय की त्याबद्दल शंकाही येत नाही. चांदणं म्हणजे चंद्रावरून उसळलेलं ऊनच, आणि चंद्राची धूळ करड्या-तपकिरी रंगाची असल्यानं ते उन्हापेक्षा किंचित पिवळसरच असतं. ते निळं भासतं ते दोन कारणांनी. एक, मंद उजेडात डोळ्याच्या लाल रंग टिपणाऱ्या पेशी आधी मंदावतात आणि निळ्या-हिरव्याला जास्त संवेदनशील पेशी काम करतात. एकोणिसाव्या शतकात चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी हे नोंदवलं. दुसरं, शेजारी पिवळा दिवा असला की त्याच्या तुलनेत कुठलाही पांढरा निळसर वाटतो. त्यामुळे चांदणं जरासं निळं दाखवणं चूक नाही, पण शाई सांडल्यासारखा झोत चूक आहे. आणि मुळात पाव लक्सचं चांदणं खिडकीच्या गजांतून आत येऊन कंदिलाला मागे टाकेल, हे शक्यच नाही. आजच्या जुन्नर-आंबेगावच्या घराचं चित्र असेल तर तिथे चांदण्यापेक्षा खरा आणि सोपा रस्ता आहे. बिबट्याच्या भीतीनं या भागात कित्येक वस्त्यांवर अंगणात, गोठ्याशी रात्रभर दिवा जळत ठेवतात, आणि तो बहुतेक पांढऱ्या-निळसर उजेडाचा एलईडी असतो. त्याचा तिरपा पट्टा खिडकीतून आत, उसाच्या पानांच्या सावल्यांसकट, भिंतीवर पडलेला दाखवला, तर रात्रही कळते, थंडपणाही येतो आणि ती जागा कुठली तेही कळतं. हा निळा उजेड कुणी कल्पनेनं आणलेला नाही, तो तिथे आहे.

इथे एक आक्षेप येणारच, आणि तो हलका नाही. तुमच्या हिशोबाप्रमाणे काढलं तर चित्रात काहीच दिसणार नाही. पाहणाऱ्यानं लेण्यातल्या खोल्या बघायच्या आहेत, घर घेणाऱ्यानं स्वयंपाकघर बघायचं आहे; त्यांना काळा चौकोन दाखवून काय उपयोग? आक्षेप खरा आहे, पण त्याचं उत्तर आणखी दिवे लपवणं हे नाही. छायाचित्रकार मंद उजेडात काय करतो? तो झडप जास्त वेळ उघडी ठेवतो, म्हणजे सगळ्या चित्राचा उजेड सारख्याच पटीनं वाढवतो. संगणकातल्या कॅमेऱ्यालाही तीच सोय आहे. लेण्याच्या भिंतीवरचा उजेड पन्नासपट वाढवला तरी पणतीजवळचा दगड आणि कोपऱ्यातला दगड यांच्यातलं नातं तेच राहतं, आणि डोळा ओळखतो ते नातंच. लपवलेला दिवा हे नातं तोडतो. अडचण एकच उरते. ज्योतीची चकाकी आणि त्या काळ्या कोपऱ्याची चकाकी यांत साधारण दोन कोटी पट अंतर आहे, आणि मोबाइलचा पडदा दाखवू शकतो ते काही हजार पट. म्हणून उजळ भाग हळूहळू दाबत नेणारी रंगांची पद्धत वापरावी लागते. ब्लेंडरमध्ये २०२३ सालच्या ४.० आवृत्तीपासून एजीएक्स नावाची अशी पद्धत मुळातच लावलेली असते. जुन्या पद्धतीत ज्योत पिवळ्या ठिगळासारखी फाटते. नवीत ती मध्यभागी पांढरी होत कडेला नारिंगी उरते, जशी ती असते.

आणि तरीही उजेड कमी पडला तर? तर दिवा लावावा, पण त्या घरात लावला गेला असता असा. एका वातीच्या जागी समईच्या पाचही वाती पेटवाव्या. माजघरातून ओसरीकडे जाणाऱ्या बाईच्या हाती चिमणी द्यावी. लेण्यात एका खोलीच्या आत दिवा ठेवून तिच्या दाराची चौकट आतून उजळू द्यावी. स्टॅन्ली कुब्रिकनं ‘बॅरी लिंडन’ (१९७५) मध्ये अठराव्या शतकातल्या रात्रीच्या खोल्या मेणबत्त्यांवर चित्रित केल्या, तेव्हा त्यानं हेच दोन मार्ग धरले: झाइसनं बनवलेली अतिशय मोठ्या छिद्राची ५० मिलिमीटरची भिंगं, म्हणजे कॅमेऱ्याची भूक वाढवली, आणि चित्रात दिसणाऱ्या मेणबत्त्यांची संख्या वाढवली. आपल्याकडचं उदाहरण त्याहून जुनं आणि त्याहून जवळचं आहे. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांनी जलरंगात रंगवलेली, हाती दिवा धरलेली स्त्री म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ‘ग्लो ऑफ होप’ या नावानं ते चित्र देशभर ओळखलं जातं, आणि अनेकजण ते चुकून रविवर्म्याचं समजतात. ती एका हातानं दिवा धरते आणि दुसऱ्या हाताच्या पंजानं ज्योत झाकते. उजेड तिच्या चेहऱ्यावर, साडीवर आणि त्या बोटांमधून येतो. बोटांच्या कडा आतून लालसर झालेल्या दिसतात, कारण कातडी उजेड गिळते, आत पसरवते आणि रक्ताच्या रंगात परत देते. मागचं सगळं अंधारात सोडून दिलंय. हळदणकरांना तो अंधार भरून काढायची गरज वाटली नाही, आणि चित्रात काही दिसत नाही अशी तक्रार कुणी केलेली नाही. संगणकावर हात काढणाऱ्याला कातडीला हा गुण द्यायचा विसर पडला, तर ज्योतीपुढचा हात पुठ्ठ्याचा होतो.

दुसरा आक्षेप आठवणीचा आहे. जुन्या घरात वाढलेल्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, इतका अंधार नव्हता आमच्याकडे, सगळं नीट दिसायचं. तो खोटं बोलत नाही. अंधारात पूर्ण रुळायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि संध्याकाळपासून चिमणीच्या उजेडात बसलेल्या माणसाचे डोळे रात्रभर त्या मंद उजेडाला तयार असतात. त्याला आठवतं ते त्या डोळ्यांनी पाहिलेलं. ट्यूबलाइटखाली मोबाइल धरून चित्र बघणाऱ्याचे डोळे तसे नसतात. म्हणून अशा घराच्या चित्राची एकूण झडप जास्त उघडी ठेवणं हे त्या आठवणीशी प्रामाणिक राहणंच आहे. पण खोल्यांतला अंधार कुठे किती, हे बदलायचं नाही. कोनाड्याजवळ उजेड आणि उतरंडीमागे काळोख, हे त्याच्या आठवणीतही तसंच आहे.

तिसरा आक्षेप वेळेचा: एवढा हिशोब कोण करणार? खरं तर हिशोब थोडाच आहे, आणि तो एकदाच करायचा असतो. भिंत, जमीन, छप्पर यांचे तीन आकडे, दिव्याचा एक, आणि मग झडप. त्यानंतर उरतात त्या बघायच्या गोष्टी, आणि त्यातली एक मात्र सुटता कामा नये. जुन्या घरांत चिमणी ठेवायचा कोनाडा ठरलेला असे, आणि त्याच्या कमानीवर काजळीचा एक काळा पट्टा वर चढत गेलेला असे, वर्षानुवर्षांच्या धुराचा. खोलीत सगळ्यात जास्त उजेड पडतो तो ज्योतीच्या नेमका मागे, दोन-चार बोटांवर. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त उजेड, तिथेच भिंत सगळ्यात काळी. संगणकातला कोनाडा स्वच्छ चुन्याचा ठेवला तर तो भाग भगभगीत पांढरा होऊन चित्राला भोक पडतं, आणि माणसं पुन्हा दिवा मंद करू लागतात. तिथे काजळी लावावी. ज्योतीमागची भिंत मग काळसर तपकिरी दिसते, कमानीची फक्त कड पिवळी उजळते, आणि उजेड कोनाड्यातून बाहेर पडून समोरच्या सारवलेल्या जमिनीवर तिरपा सांडतो.